होडीच्या पोटात पाणी शिरतंय कुठून

होडी किनाऱ्यावर ओढून घेतली, ट्रॉलीवर चढवली आणि तिचं नाक जरा वर उचललं तर आतून आवाज आला. अर्धी भरलेली कळशी हलली की येतो ना तसा, डुबुक डुबुक, आणि तो आवाज पुढून मागे सरकत गेला. पोटात गोळाच आला माझ्या. कारण ही होडी वरून उघडी नाहीये. १४ फुटी फायबरग्लासची शिडाची होडी, एकट्या माणसाने चालवायची, वरचा डेक आणि खालचं कवच कडेकडेने एकमेकांना चिकटवलेले आणि मधे सगळी बंद पोकळी. ती पोकळी कोरडी राहते म्हणून होडी उलटली तरी बुडत नाही. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट नावाची उघडी होडी असते तिच्यात पाणी आलं तर पायाशी दिसतं, डब्याने उपसून टाकता येतं, आणि तिच्यात तरंगण्यासाठी हवेच्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात त्या डोळ्यासमोर असतात. इथे तसं काहीच नाही, पोटात काय चाललंय ते कळायला मार्ग नाही, आवाज येतो तोच पहिला निरोप.

मागच्या उभ्या फळीवर खालच्या बाजूला ड्रेन प्लग असतो तो उघडला, खाली बादली लावली आणि मोजून पाणी काढलं. ११ लिटर. पाण्यावर होतो जेमतेम अडीच तास.

११ लिटर म्हणजे ११ किलो, हा आकडा ऐकायला फार वाटत नाही पण अशा होडीचं वजनच किती असतं बघा, आयएलसीए म्हणजे जिला आधी लेझर म्हणायचे त्या होडीचं नुसतं अंग साधारण ५९ किलो भरतं, माझी जवळपास तशीच. आणि हे ११ किलो एका जागी बसून राहत नाहीत. होडी डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं, तुम्ही सावरायला उजवीकडे अंग टाकता तोवर ते मागे जातं आणि शेपूट बसतं. मागचे दोन महिने मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय, होडी जड का चालते, वळताना आळस का करते. उत्तर आत हिंदकळत होतं.

आता सगळ्यात आधी मी केलं ते बहुतेक जण करतात तेच, प्लगवर संशय घेतला. त्याची रबरी रिंग काढून बघितली तर एका बाजूला चपटी झालेली, बारीक चीर पण होती. नवीन रिंग टाकली, जरासं पेट्रोलियम जेली लावलं, प्लग घट्ट बसला आणि मला वाटलं झालं काम. पुढच्या रविवारी पाण्यावर गेलो आणि परत आल्यावर ९ लिटर. रिंग खराब होतीच, बदलायला हवीच होती, पण पहिलं भोक सापडलं की आपण शोधायचं थांबतो हीच खरी अडचण आहे. तेव्हा ठरवलं की आता अंदाजाने काही करायचं नाही, सगळी होडी नीट तपासायची, वेळ लागला तर लागू दे.

आधी डोळ्यांनी. होडी दोन स्टँडवर ठेवली, खाली जुन्या गाद्या घातल्या, आणि दोन्ही अंगांनी धुवून पुसून कोरडी केली. मळ आणि शेवाळ असेल तर बारीक चीर दिसतच नाही. मग टॉर्च अगदी आडवा धरून प्रकाश टाकायचा, समोरून नाही, तिरका, म्हणजे केसाएवढी भेग पण सावली टाकते. जेलकोटवर म्हणजे वरच्या रंगीत चकचकीत थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा बऱ्याच होत्या पण त्या बहुतेक वरवरच्या असतात, नख अडकत नाही. नख अडकलं की मात्र तिथे पेन्सिलने गोल करायचा. तळाला कुठे फोड आलेत का तेही बघितलं, कारण फायबरग्लास वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की जेलकोटखाली फोड येतात आणि फोडले तर आतून व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी निघतं. माझ्या होडीला ते नव्हते, ती वापर झाला की बाहेर काढून ठेवली जाते.

मग नाण्याने ठोकून बघणं. हे मला फार आवडलं. एक जाड नाणं घ्यायचं आणि बोटभर अंतरावर टकटक करत सगळ्या अंगावरून जायचं. फायबर चांगलं असेल तिथे आवाज स्वच्छ टणक येतो, आतले थर सुटले असतील किंवा मधलं मटेरियल भिजलं असेल तिथे एकदम बसका, पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. पहिली १० मिनिटं मला काही फरकच कळेना, मग कान तयार होतो. माझ्याकडे बसण्याच्या जागेत तळहाताएवढा एक पट्टा बसका निघाला, मधे फळी खाली सोडायची खाच असते तिच्या अगदी मागे. त्यावर चिकटपट्टी लावून खूण केली आणि पुढे गेलो, तेव्हा त्याचं महत्त्व लक्षात आलं नाही.

डोलकाठी ज्या नळीत उभी राहते ती तपासायला सगळ्यात सोपी. डेकमधून खाली तळापर्यंत गेलेली बंद नळी असते, तिच्यात काठोकाठ पाणी भरायचं, पातळीवर खूण करायची, वरून प्लास्टिक झाकायचं म्हणजे पाणी वाफ होऊन कमी झालं की गळून कमी झालं असा घोळ नको, आणि रात्रभर सोडून द्यायचं. ही जागा महत्त्वाची, कारण डोलकाठीच्या बुडाशी वाळू जाते आणि काठी फिरत राहते, ती वाळू पॉलिश पेपरसारखी आतलं फायबर खात जाते, आणि वाऱ्याचा सगळा जोर तर याच नळीवर येतो. हे बूड गेलं तर डोलकाठी डेक फाडून आडवी होऊ शकते. सकाळी बघितलं तर पाणी खुणेवर जसंच्या तसं. हायसं वाटलं खूप.

कोणी सांगेल की मग होडीच्या पोटातच पाणी भर आणि बाहेर कुठून टपकतं ते बघ. करू नका. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, होडी पाण्यात तरंगताना तिला सगळीकडून आधार असतो, स्टँडवर तो फक्त दोन जागी असतो. शिवाय आतले फोमचे ठोकळे भिजले तर ते वाळवायला जन्म जातो.

खरी तपासणी हवेची. पोटात हलका हवेचा दाब द्यायचा, बाहेरून साबणाचं पाणी लावायचं, जिथे बुडबुडे येतील तिथे भोक. ऐकायला सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढण्यासारखंच आहे पण एक मोठा फरक आहे, ट्यूब दाब सोसायला बनवलेली असते, होडी नाही. कंप्रेसर लावून होडीचा डेक आणि कवच सांध्यापासून उकलू शकतं. गणित करून बघा. पाण्याचा १० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ जेवढा दाब देतो तेवढा दाब म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो. होडीचा डेक तीन-चार चौरस मीटर धरला तर ३००-४०० किलोचा जोर आतून वर ढकलतोय, आणि हा दाब तोंडाने फुंकून पण सहज येतो. टायरच्या भाषेत १ पीएसआय म्हणजे काहीच नाही, पण तो पाण्याच्या ७० सेंटिमीटर स्तंभाएवढा असतो, म्हणजे चौरस मीटरला ७०० किलो. त्यामुळे १० सेंटिमीटरच्या वर जायचं नाही हे मी पक्कं ठरवलं.

आणि मोजायला गेज लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी घेतली, एका लाकडी पट्टीवर यू आकारात बांधली, त्यात रंग टाकलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं, शेजारी मोजपट्टी चिकटवली. ड्रेन प्लगच्या भोकात बसेल असं रबरी बूच घेऊन त्याला दोन भोकं पाडली, एकातून ही यू नळी, दुसऱ्यातून हवेच्या गादीचा पायाने दाबायचा पंप. दाब वाढला की एका बाजूचं पाणी खाली आणि दुसऱ्या बाजूचं वर, दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा दाब. यात आणखी एक गुण आहे जो मला नंतर लक्षात आला, नळीच्या दोन्ही बाजू जेमतेम १५ सेंटिमीटर उंच ठेवल्या तर चुकून दाब जास्त झाला तरी पाणी उडून बाहेर पडतं आणि हवा सुटते, होडीला काही होत नाही. म्हणजे मोजणारं आणि वाचवणारं एकच.

सगळं मांडून झाल्यावर एका जुन्या दर्यावर्दी मित्राला फोन लावला, वयाने मोठे आहेत, आयुष्य शिडाच्या होड्यांवर गेलंय त्यांचं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"ब्रीदर होलवर टेप लावलीस का?"

"कुठलं होल, दादा?"

"अरे, पोटाला श्वास घ्यायला बारीक भोक ठेवतात. सगळ्या होड्यांना नसतं, पण तुझ्यासारख्या बंद पोटाच्या होडीला असायला पाहिजे. बसण्याच्या जागेच्या पुढच्या भिंतीवर बघ, वर, डेकच्या ओठाखाली. ते उघडं राहिलं तर दाब टिकायचाच नाही."

बघितलं तर भोक नाही. हात फिरवला, टॉर्च मारला, काही नाही. शेवटी बोटाच्या टोकाला एक गोल खळगा लागला, मसुराच्या डाळीएवढा, वरून रंग मारलेला. आधीच्या मालकाने ते गळतीचं भोक समजून लांबी म्हणजे पुट्टी भरून बंद केलेलं दिसत होतं. मला तेव्हा उलट बरंच वाटलं, टेप लावायचा त्रास वाचला, तपासणी झाली की उघडू म्हटलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येतो.

तपासणी पहाटे करायची, सावलीत. का ते नीट समजून घेतलं पाहिजे. बंद डब्यातली हवा एक अंश तापली की दाब साधारण पाण्याच्या साडेतीन सेंटिमीटरने वाढतो. म्हणजे ऊन येऊन पोटातली हवा तीन अंश जरी तापली तरी कागदावर तुमचे १० सेंटिमीटर पंप न मारताच येतात, आणि ढग आला की जातात. तुम्ही समजाल गळती आहे, आणि असेल फक्त ढग. पोट थोडं फुगतं-आकसतं म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येतो, पण घोळ व्हायला तेवढा पुरे.

मदतीला भाची होती, अकरा वर्षांची. तिच्याकडे यू नळी आणि घड्याळ, माझ्याकडे ब्रश आणि भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी. हळूहळू पंप मारला, १० सेंटिमीटरला थांबलो. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "मामा, सातवर आलं." मग साबण. डेक आणि कवचाचा सांधा, सगळा नऊ-दहा मीटरचा घेर दोन्ही बाजूंनी, बोटाबोटाने. पाय अडकवायच्या पट्ट्याचे स्क्रू, कप्प्या बसवलेल्या जागा, बेलरच्या म्हणजे बसण्याच्या जागेतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या कडा. ब्रश जोरात फिरवला की ब्रशमुळेच फेस होतो आणि काही कळत नाही, त्यामुळे पाणी अलगद सोडायचं आणि थांबून बघायचं, मनात वीस मोजायचं. मोठ्या भोकावर बुडबुडा पटकन येऊन फुटतो, बारीक भोकावर मोहरीएवढ्या पांढऱ्या दाण्यांचा पुंजका हळूहळू वाढतो, तो बघायला धीर लागतो. सुकाणू अडकवायच्या खालच्या पट्टीच्या दोन स्क्रूंपाशी असे दोन पुंजके आले. आधीच्या माणसाने तिथे सिलिकॉन फासलेलं होतं आणि ते कडेने सुटलं होतं.

त्या स्क्रूंवर तात्पुरती टेप लावली आणि परत १० सेंटिमीटर दाब दिला. पाच मिनिटांनी साडेनऊ. म्हणजे जवळजवळ गळतीच नाही. मी खुश व्हायला हवं होतं पण होईना, कारण ते स्क्रू पाण्याच्या रेषेच्या बरेचसे वर होते, लाट आली तरच भिजणार, त्यातून अडीच तासांत ११ लिटर कसं येईल? दोन चहाचे कप आले असते फार तर. आकडा जुळत नव्हता आणि आकडा जुळत नसेल तर शोध संपलेला नाही.

मग विचार केला की पाण्यावर असताना असं काय होतं जे आत्ता होत नाहीये. जोर. वारा शिडाला बाजूला ढकलतो आणि मधल्या खाचेतून खाली सोडलेली फळी, सेंटरबोर्ड, पाण्याला धरून ठेवते, म्हणजे ती फळी त्या खाचेच्या भिंतींना सतत तिरकी रेटत असते. स्टँडवर होडी शांत झोपलेली, तिला कोण रेटणार. म्हणून फळी खाचेत पूर्ण खाली घातली, खाली वाकलो, तिचं टोक धरलं आणि बाजूला ढकललं, फार नाही, वाऱ्यात येतो त्याहून कमीच जोर.

"मामा थांब, थांब. माशी गुणगुणतेय."

मला काही ऐकू आलं नाही. परत ढकललं. "आता आली. सोडलंस की बंद होते." बारीक आवाजातले उंच सूर मुलांच्या कानाला जास्त ऐकू येतात, वय वाढलं की ते कमी होत जातात, हे माहीत होतं पण असं समोर घडताना बघून अंगावर काटा आला. ती कान लावत लावत खाचेच्या मागच्या टोकापाशी थांबली आणि म्हणाली, "इथे." मी लांब दांड्याचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खाचेत घातला, छोटा आरसा आणि टॉर्च धरला, तिला फळी ढकलायला सांगितली. खाचेचा मागचा खालचा कोपरा, जिथे खाचेची भिंत होडीच्या तळाला मिळते, तिथे एक उभी रेघ होती, जेमतेम ४ सेंटिमीटर लांब. फळी ढकलली की त्या रेघेतून बुडबुड्यांची माळ निघायची, एकामागे एक, सोडली की रेघ मिटायची आणि बुडबुडे बंद. आणि यू नळीतलं पाणी दहावरून बघता बघता तीनवर आलं. वरती बसक्या आवाजाचा जो पट्टा खुणेने ठेवला होता तो नेमका याच्या वर होता.

गळती सापडली होती, पण मला अजून चैन नव्हतं. ४ सेंटिमीटरची केसाएवढी चीर, ती पण अधूनमधून उघडणारी, त्यातून ११ लिटर हे जास्तच वाटत होतं. आणि मग ते बंद केलेलं श्वासाचं भोक आठवलं, आणि त्याबरोबर दुसरं एक. कित्येक महिने, होडी उन्हात ठेवलेली असली आणि पाण्यात नेण्याआधी आत कोरडं आहे ना बघायला प्लग सैल केला की फुस्स करून हवा बाहेर यायची. मी ते चांगलं लक्षण समजायचो. पोट हवाबंद आहे म्हणजे मजबूत आहे असं.

खरं काय होत होतं ते असं. उन्हात पोटातली हवा तापून ४५ अंशांपर्यंत जाते, मी प्लग उघडला की जास्तीची हवा बाहेर, मग प्लग घट्ट लावायचा आणि होडी थंड पाण्यात. आतली हवा २७ अंशांवर आली की ती पावणेसहा टक्के आकसते. पोकळी ३०० लिटरची धरली तर १७ लिटर जागा रिकामी व्हायला बघते, आणि ती भरायला बाहेरून काहीतरी आत ओढलं जातं. श्वासाचं भोक उघडं असतं तर हवा आली असती. ते बंद, म्हणून खालची चीर जेव्हा जेव्हा उघडेल तेव्हा तिच्यातून पाणी. ते नुसतं झिरपत नव्हतं, होडी ते तोंडाने ओढावं तसं ओढून घेत होती.

हे खरं आहे का बघायलाच हवं होतं. दुपारी होडी उन्हात ठेवली, हात लावल्यावर चटका बसेल इतका डेक तापला, प्लग उघडला, फुस्स झालं, लगेच बूच लावलं. यू नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं, फरक शून्य. मग भाचीने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने डेकवर आणि कडांवर गार पाण्याच्या बादल्या ओतायला सुरुवात केली. तिसऱ्या बादलीला नळीतलं लाल पाणी होडीच्या बाजूला चढायला लागलं, पाच, आठ, बारा, आणि मग घटकन सगळं पाणी नळीतून होडीच्या पोटात गेलं. दोघंही गप्प बसलो होतो. एवढा वेळ दुसऱ्यांकडून ऐकलेलं किंवा कागदावर मांडलेलं गणित होतं, ते असं घोट घेताना बघितल्यावर परत कधी विसरणार नाही.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. ती चीर बाहेरून भरून उपयोग नव्हता, खाच अरुंद, ब्रश पण धड जात नाही, आणि जोर येणारी जागा वरून लांबी भरून टिकत नाही. म्हणून बसण्याच्या जागेत खाचेच्या मागे गोल भोक पाडून झाकणवाला इन्स्पेक्शन पोर्ट बसवला, मनगट जाईल एवढा. पोर्ट उघडल्यावर आत बघितलं तर भिंतीवर सुकलेल्या पाण्याच्या पांढुरक्या रेघा होत्या, सगळ्या त्या कोपऱ्यातून वर आणि मागे गेलेल्या. हे आधी दिसलं असतं तर अर्धं काम वाचलं असतं.

वाळवायला नऊ दिवस गेले आणि यात घाई करायची नाही, ओल्या फायबरवर रेझिन म्हणजे कापड चिकटवायचा घट्ट होणारा द्रव धरत नाही. पोर्टच्या तोंडाशी छोटा पंखा, प्लग उघडा, म्हणजे हवा एकीकडून जाऊन दुसरीकडून बाहेर. वाळलं की नाही ते अंदाजाने नको म्हणून होडी दोन वजनकाट्यांवर ठेवली, एक नाकाखाली एक शेपटीखाली, दोन्ही आकडे मिळवायचे. पहिल्या दिवशी ६६, सहाव्या दिवशी ६२, नंतर तीन दिवस ६१ वरून हलेना तेव्हा थांबलो. म्हणजे बादलीत मोजलेल्या पाण्याशिवाय पाच लिटर फोममध्ये आणि कोपऱ्याकापऱ्यांत बसलं होतं.

मग साबण पूर्ण धुवून काढला, आतून त्या कोपऱ्यात पॉलिश पेपर मारला, हे करताना तोंडाला चांगला मास्क पाहिजे, काचेची धूळ असते ती. ॲसिटोनने पुसलं. इपॉक्सी वापरलं, पॉलिस्टर रेझिन नाही, दोन कारणं, एक तर जुन्या फायबरवर इपॉक्सी जास्त घट्ट चिकटतं, आणि दुसरं, आतले ठोकळे थर्माकोलसारख्या फोमचे असतील तर पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्यांना विरघळवून टाकतं. आधी इपॉक्सीत सिलिका पावडर मिसळून कोपरा गोलसर भरून घेतला, कारण काचेचं कापड काटकोनात नीट बसत नाही, खाली हवा राहते, आणि त्यावर कापडाचे दोन तुकडे, दुसरा पहिल्यापेक्षा दोन बोटं मोठा. एका हाताने, आरशात बघत. मान दुखून आली पण कापड पारदर्शक झालं, एकही पांढरा ठिपका राहिला नाही, म्हणजे खाली हवा नाही.

सुकाणूच्या स्क्रूंना मात्र त्या सिलिकॉननेच जास्त छळलं. सिलिकॉन एकदा लागलं की त्याचा अंश फायबरवर राहतो आणि त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही, सगळं खरवडून पेपर मारून काढावं लागलं. भोकांची तोंडं ड्रिलने किंचित पसरट केली म्हणजे स्क्रू आवळल्यावर सीलंटची छोटी रिंग तिथे अडकून राहते, आणि पॉलियुरेथेन सीलंट भरलं. श्वासाचं भोक हाताने बारीक ड्रिल फिरवून उघडलं, त्यातून जुन्या लांबीचा भुगा आला आणि मग हवा.

परत तपासणी. ब्रीदरवर या वेळी टेप लावून. १० सेंटिमीटर, पाच मिनिटं, दहा. भाची नळीजवळ बसून, मी फळी ढकलतोय, आधी हलके, मग नीट जोर लावून, दोन्ही बाजूंना. "हललं नाही मामा. अजून दहाच आहे." कान लावून बघ म्हटलं. तिने बराच वेळ लावून बघितला. "माशी गेली."

टेप आठवणीने काढली. त्यानंतर चार वेळा पाण्यावर जाऊन आलोय, दोनदा चांगल्या वाऱ्यात. आता होडी किनाऱ्यावर असली की प्लग कायम उघडा, दोरीला लटकलेला, आणि पाण्यात नेताना तिला आधी थोडी गार होऊ देतो, मग प्लग. काल परत आल्यावर नाक वर उचललं, आवाज नाही आला. प्लग उघडला, खाली बादली नाही, पेला धरला होता. पाणी आलं ते तळ झाकेल एवढं, दोन चमचे असेल. ते बहुतेक नव्या पोर्टच्या झाकणातून येतंय, त्याची रिंग या रविवारी बघणार आहे.